कपाटातला साक्षीदार

माझं नाव लुसुंगू न्यिरोंगो. लिलाँग्वेत चार माणसांची एक कंपनी आहे, तिथे मी सोळा वर्षं नोकरी करते. काम काय करतेस, असं कोणी विचारलं की मी "कॉम्प्युटरचं" म्हणून मोकळी होते. खरं सांगायला गेलं तर तिसऱ्या वाक्याला समोरचा माणूस ताटातल्या मांदासीकडे, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांकडे, बघायला लागतो. पण ही हकीकत सांगायची तर ते सांगावंच लागेल, म्हणून थोडक्यात सांगते.

सरोवरावर वारा उठणार असला की किनाऱ्यावरच्या नावाड्यांच्या आणि कोळ्यांच्या फोनवर मेसेज जातो. शिवाय सव्वीस धक्क्यांवर खांबांना पेट्या लावल्या आहेत, त्यांचा भोंगा वाजतो. हे सगळे मेसेज पाठवणारं मशीन सलिमाच्या सूचना केंद्रात होतं. एकच. दोन वर्षांपूर्वी ते नऊ तास बंद पडलं आणि नेमक्या त्याच नऊ तासांत म्वेरा सुटला. म्वेरा म्हणजे दक्षिणेकडून येणारा आमचा वारा. तो आला की सरोवर ओळखू येत नाही. त्या दिवशी नशिबानं कोणी मेलं नाही, पण वरच्या लोकांनी ठरवलं की आता दोन मशिनं हवीत. एक सलिमाला, दुसरं उत्तरेला न्खाता बेला. एक पडलं तर दुसऱ्यानं मिनिटाच्या आत काम उचलायचं. ते जोडून द्यायचं काम आमच्याकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आलं.

मशिनं जोडणं अवघड नाही. अवघड आहे ते त्यांना एक गोष्ट शिकवणं. दोघांमधली तार तुटली तर प्रत्येकाला वाटतं, दुसरं मेलं. मग दोघंही एकदम बोलायला लागतात, आणि नावाड्याला दोन तोंडांचे दोन मेसेज जातात. यावर उपाय म्हणून तिसरी एक छोटी पेटी बसवतात. ती मेसेज पाठवत नाही. ती फक्त बघते, कोण जिवंत आहे. तिला आम्ही साक्षीदार म्हणतो. तिघांतले दोघं एकमेकांना दिसत असतील, तरच त्यांच्यातल्या मशीननं बोलायचं. एकट्या पडलेल्यानं गप्प बसायचं. बस, इतकंच आहे. मशिनांना हे एका दुपारी समजलं.

माणसांना समजवायला चार महिने गेले.

सलिमाचे प्रमुख बाम्बो कापांडा; बाम्बो म्हणजे साहेब, तसंच बाईंना अमायी. साठीला आलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मुख्य मशीन सलिमाचं. यात विचारायचं काय आहे, मॅडम?"

न्खाता बेच्या प्रमुख मुंथालीबाई. त्या तिकडून फोनवर होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खोलीत येऊन माझ्या मशीनवर 'राखीव' अशी चिठ्ठी चिकटवणार? मी काय बाकावर बसलेली खेळाडू आहे?"

मी सांगितलं, की मुख्य आणि राखीव हा मान नाही, ती पाळी आहे. आज हे, उद्या ते. दोघांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच बोलायला लागले. शेवटी मी वैतागून ते शब्दच काढून टाकले. पडद्यावर एकाला 'उत्तर' आणि दुसऱ्याला 'दक्षिण' असं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कापांडासाहेबांचा फोन.

"मॅडम, पडद्यावर उत्तर वर का आहे?"

"अक्षरक्रमानं येतं ते, बाम्बो."

"मग अक्षरक्रम बदला."

मी फोन ठेवला, चहा केला, आणि अक्षरक्रम बदलला. सोळा वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले आहे, की काही लढाया हरलेल्या बऱ्या.

साक्षीदार कुठे ठेवायचा यावर भांडण झालं नाही, कारण त्या छोट्या पेटीत कोणाला मान दिसला नाही. मी तो मुद्दाम दोघांपासून लांब, न्खोटाकोटाला ठेवला. तिथल्या भात पिकवणाऱ्यांच्या संघाची गिरणी आहे, तिच्या ऑफिसात फळीवर. गिरणीला स्वतःची सौरवीज आहे, त्यामुळे दिवे गेले तरी पेटी चालू राहील. मी तिथल्या लोकांना हात जोडून सांगितलं, "हिला हात लावू नका. पुसूसुद्धा नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मार्चमध्ये चाचणी घेतली. सलिमाला जाऊन मी स्वतःच्या हातानं प्लग ओढला. अडतीस सेकंदांत न्खाता बेनं काम उचललं. तिकडे मुंथालीबाईंनी फोनवर अशी आरोळी ठोकली, की मला वाटलं लग्न ठरलं. त्या संध्याकाळी कापांडासाहेबांनी आम्हाला भाजलेला चाम्बो मासा आणि मक्याच्या पिठाची न्सिमा खाऊ घातली आणि एक लांबलचक भाषण केलं, त्यात माझं नाव एकदाही आलं नाही. मी सह्या घेतल्या आणि घरी आले.

जुलैतल्या एका गुरुवारची गोष्ट. लिलाँग्वेत कडाक्याची थंडी होती, मी स्वेटर घालून ऑफिसात बसले होते. अकराला दहा कमी असताना मुंथालीबाईंचा फोन आला.

"लुसुंगू, कशी उठलीस?"

"बरी उठले, अमायी. तुम्ही कशा उठलात?"

"मी बरी उठले. घरचे कसे उठले?"

आमच्याकडे हे चुकत नाही. घराला आग लागली असली तरी आधी शेजाऱ्याच्या घरचे कसे उठले ते विचारायचं, मग आगीचं. मी घरच्यांची सगळ्यांची उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "म्वेरा येतोय. हवामानवाल्यांनी आत्ताच कळवलं. खाली दक्षिणेला केव्हाच पोचलाय, आमच्याकडे एकपर्यंत येईल. मी मेसेज टाकतेय तर मशीन घेत नाहीये."

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, मी एकटं आहे."

"एकटं कसं? सलिमा नसेल एखाद वेळेस. न्खोटाकोटाचा साक्षीदार दिसत नाही?"

"दोन्ही दिसत नाहीत. लाल, लाल. फक्त मी हिरवी."

मी माझ्या पडद्यावर बघितलं. खरंच होतं. सलिमा गेलं होतं आणि साक्षीदारही गेला होता, आणि दोघंही एकाच मिनिटाला गेले होते. सलिमा आणि न्खोटाकोटा यांच्यात शंभरावर किलोमीटर अंतर आहे. दोन ठिकाणचे दिवे एकाच मिनिटाला कसे जातील? मी न्खोटाकोटाच्या गिरणीत फोन लावला. एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे सगळं छान चालू आहे. मी विचारलं, फळीवरच्या पेटीचे दिवे लागलेत का?

"कुठली पेटी?"

"काळी, छोटी. फळीवर ठेवली होती मी."

"ती होय! ती मे महिन्यातच नेली की सलिमाच्या साहेबांनी."

मी आभारही न मानता फोन ठेवला.

आता काय झालं असणार ते मला दिसायला लागलं. साक्षीदार सलिमाला, मुख्य मशीनच्या शेजारी. वाऱ्यानं सलिमाची वीज पाडली, मशीन गेलं आणि त्याच्याबरोबर साक्षीदारही गेला. आणि उत्तरेचं धडधाकट, बॅटरी भरलेलं मशीन मी शिकवलं होतं तसं इमानदारीनं गप्प बसलं होतं. तिघांतलं एकटंच उरलं होतं ना ते. एकट्यानं बोलायचं नाही. मीच सांगितलं होतं.

मी कापांडासाहेबांना फोन लावला. बंद. केंद्रात लावला, रिंगच जात नव्हती. तिथला टॉवरही पडला होता. साहेबांच्या बायकोला लावला. ती म्हणाली, ते डोवाला एका मयताला गेलेत, तिथे फोन बंदच ठेवतात. मयतात फोन चालू ठेवा असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

इकडे मुंथालीबाई दर तीन मिनिटांनी. "लुसुंगू, अकरा वाजून दहा. उसिस्या गावाला जाणारी उतारूंची होडी साडेबाराला सुटते. काहीतरी कर बाई."

जबरदस्तीनं मशीन बोलतं करायचा मार्ग असतो. मीच तो लिहून दिला होता, सूचनांच्या पुस्तकात, नवव्या पानावर. आणि त्याच पानावर ठळक अक्षरांत मीच लिहिलं होतं: आधी दुसरं मशीन हातानं बंद केलं आहे याची खात्री करा. बंद पडलेलं नव्हे, बंद केलेलं. कारण बंद पडलेलं कधीही उठू शकतं.

सलिमात मशीनला हात लावील अशा कोणाशीही माझा फोन लागत नव्हता. मी अकरा चाळीसला मुंथालीबाईंना म्हटलं, "करा. मी सांगते ती तीन वाक्यं टाइप करा." त्यांनी एक एक अक्षर मोठ्यानं वाचत टाइप केलं. मशीन बोलायला लागलं. 'म्वेरा येत आहे. होड्या काढू नका. सरोवरात असाल तर जवळच्या किनाऱ्याला लागा.' मेसेज सगळ्या फोनांवर गेला, भोंगे वाजले. मुंथालीबाईंना खिडकीतून त्यांच्या धक्क्याचा भोंगा ऐकू आला, तो त्यांनी मलाही फोनवर ऐकवला. मी खुर्चीत मागे टेकले. स्वेटरच्या आत घामानं भिजले होते.

आमच्याकडे वीज गेली की माणसं दोन दिवसांच्या मेणबत्त्या शोधून ठेवतात. त्या दिवशी सलिमात वीजवाले, कधी नव्हे ते, दोन तासांत आले. तारेवर पडलेली फांदी तोडली, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी वीज सुरू केली.

सलिमाचं मशीन उठलं. त्यानं डोळे उघडून आजूबाजूला बघितलं. शेजारी कपाटात साक्षीदारही उठला होता. दोघं एकमेकांना दिसले. तिघांतले दोघं! न्खाता बेची तार अजून लागायची होती, त्यामुळे तिकडे काय चाललंय हे त्याला ठाऊक नव्हतं. नियमानं कारभार त्याचाच. त्यानं कारभार हाती घेतला, आणि सकाळचं अर्धवट राहिलेलं काम आधी पुरं केलं. सकाळी नऊ चाळीसला, वारा पोचायच्या दोन मिनिटं आधी, तिथल्या माणसानं रोजचा मेसेज टाकला होता. तो बाहेर पडायच्या आत टॉवर गेला होता. तो मेसेज बारा वाजून दहा मिनिटांनी किनाऱ्यावरच्या प्रत्येक फोनवर पोचला.

'सरोवर शांत आहे. निघायला हरकत नाही.'

मुंथालीबाईंच्या फोनवरही पोचला. त्या वेळी मात्र त्यांनी मी कशी उठले ते विचारलं नाही. "हे कोण बोलतंय?" एवढंच त्या ओरडल्या आणि फोन हातात तसाच धरून धक्क्याकडे पळाल्या. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, केंद्र टेकडीवर. मला फोनमधून नुसती चपलांची फटफट आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या खाली पोचल्या तेव्हा बाकीचे नावाडी जागेवर होते, डोकी खाजवत. पण उसिस्याची होडी गेली होती. एरवी कधी वेळेवर न सुटणारी होडी. तिचा नावाडी लोंग्वे म्हातारा, त्यानं नवा मेसेज वाचला, वारा वळला असं समजला, आणि वारा पुन्हा वळायच्या आत पोचू म्हणून चौदा मिनिटं आधीच निघाला. एकोणीस उतारू, कसाव्याची पोती, आणि एक शेळी.

दुपारी चारपर्यंत काही कळलं नाही. त्या चार तासांबद्दल मला जास्त लिहायचं नाही. मी ऑफिसात बसून होते. काही करण्यासारखं नव्हतं, तरी दर मिनिटाला पडदा बघत होते. त्याच्यावर तिन्ही दिवे हिरवे होते. मला तो पडदा उचलून खिडकीतून फेकावासा वाटत होता.

चारनंतर कळलं. लोंग्वेनं वारा दिसताच होडी एका छोट्या खाडीत घातली होती. होडी खडकावर फुटली, पण पाणी कमरेएवढंच होतं. माणसं एकमेकांचे हात धरून बाहेर आली. एका बाईचा हात मोडला. शेळी गेली. कसावा गेला. होडी गेली.

शुक्रवारी पहाटे निघून मी आधी सलिमाला गेले. कापांडासाहेब आपल्या खोलीत होते, मयताचा काळा कोट अजून अंगावर. मी विचारलं, "साक्षीदार कुठे आहे?"

त्यांनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात फायली, खालच्या कप्प्यात पाहुण्यांसाठीचे कप, आणि मधल्या कप्प्यात एका विणलेल्या रुमालावर साक्षीदार. भोक पाडून वायर आत घेतली होती. व्यवस्थित केलं होतं सगळं.

"का, बाम्बो? का?"

"ओरडू नका, मॅडम."

"मी ओरडत नाहीये."

"ओरडताय." त्यांनी कपाट हळूच लावलं. "तुम्ही ती पेटी गिरणीत ठेवलीत. तिथे ते चहाची किटली लावायला तिचा प्लग काढायचे. दिवसातून सात वेळा. प्रत्येक वेळी माझ्या फोनवर सूचना: साक्षीदार हरवला. साक्षीदार सापडला. साक्षीदार हरवला. मी रविवारी चर्चमध्ये असताना साक्षीदार हरवायचा. मी त्यांना फोन केला, ते म्हणाले, हो साहेब, आणि पुन्हा किटली लावली. मग मी जाऊन पेटी घेऊन आलो. म्हटलं, साक्षीदार आपल्या डोळ्यांसमोर असला म्हणजे बरं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ओरडला असतात."

मी कपाट पुन्हा उघडून पेटीची वायर सोडवायला घेतली. तेवढ्यात त्या तीन पेनांच्या माणसाचा आवाज खाली आला. ते म्हणाले, "त्या बाईचा हात... उजवा की डावा?"

"उजवा."

ते हळूच खुर्चीत बसले. रस्त्यात जुळवून आणलेली चौदा वाक्यं मी मग तशीच परत नेली.

पेटी रुमालासकट पिशवीत घालून मी न्खोटाकोटाला गेले. तिथे फळीवर आता किटलीच होती, जिथे मी पेटी ठेवली होती तिथे, अगदी ऐटीत. पूर्ण खोलीत सॉकेट एकच. हे मी फेब्रुवारीत बघायला हवं होतं. मी फळी बघितली होती, कुलूप बघितलं होतं, छतावरच्या सौरपाट्या मोजल्या होत्या. ही माणसं चहा कशावर करतात ते मी बघितलं नव्हतं. बाजारात जाऊन मी किटलीसाठी एक जोडबोर्ड आणला, साक्षीदाराला वेगळी तार ओढून घेतली आणि त्याचा प्लग स्क्रूनं भिंतीत पक्का केला. गिरणीतल्या बाई म्हणाल्या, "इतकंच होतं तर आधी सांगायचं ना!" मी म्हटलं, "हो."

तिथून न्खाता बेला पोचायला अंधार पडला. मुंथालीबाईंकडे जेवले आणि झोपले. सकाळी केंद्रात गेले तर लोंग्वे म्हातारा पायरीवर बसलेला. साठ-पासष्टचा, बारीक, पायांवर खडकाचे ओरखडे. त्यानं उठून हात मिळवला, मी कशी उठले ते विचारलं, आणि खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. दोन मेसेज, एकाखाली एक. निघू नका. निघायला हरकत नाही.

"पोरी," तो म्हणाला, "मला एकच सांग. हे दोन माणसं बोलतात, की एकच माणूस बोलतो?"

"दोन मशिनं आहेत, अदादा," मी म्हटलं. बापाच्या वयाच्या माणसाला आम्ही असंच म्हणतो.

"मग भांडण आहे का त्यांचं?"

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसले. मला सांगता आलं असतं की सलिमाच्या साहेबांनी पेटी हलवली, किटलीमुळे हलवली, वीजवाले लवकर आले. सगळं खरं होतं. पण गाडीत येताना मी रस्ताभर त्या दुसऱ्या मेसेजचा विचार करत होते. सकाळी नऊ चाळीसचा मेसेज दुपारी बारा दहाला जाऊच कसा शकला? मेसेजला मुदत घालता येते. अर्ध्या तासात गेला नाही तर फाडून टाक, असं मशीनला सांगता येतं. एक ओळ लिहावी लागते. ती ओळ मी लिहिली नव्हती. चार महिने वर कोण आणि खाली कोण यावर भांडले, अक्षरक्रम बदलला, आणि ती ओळ राहिली. त्यात कापांडासाहेबांचा काही दोष नव्हता.

"भांडण नाही," मी म्हटलं. "दुसरा मेसेज शिळा होता. सकाळचा. मशीननं तो दुपारी पाठवला, कारण शिळा मेसेज टाकून द्यायचा, हे मी त्याला शिकवलं नव्हतं. माझी चूक आहे. शिवाय खात्री न करता मी दुसरं मशीन चालू करायला लावलं. तीही माझीच."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता रागावेल, आणि रागवायलाच हवं होतं. तो म्हणाला, "तुझी चूक."

"हो."

"मी तेवीस वर्षं होडी चालवतोय. माझ्या नाकाला वारा कळतो. त्या दिवशीही कळला होता. फोननं सांगितलं नाही येत, म्हणून मी नाकाचं ऐकलं नाही." त्यानं फोन खिशात टाकला. "तर थोडी माझीही."

मला रडू आलं. त्याला ते आवडलं नाही. तो उठून पाण्याकडे बघत उभा राहिला.

त्या आठवड्यात मी ती ओळ लिहिली. दोन्ही मशिनांत, तीनतीनदा तपासून. उठलेल्या मशीननं आधी दुसऱ्याची वाट बघायची, बोलायची घाई करायची नाही, हेही घातलं. साक्षीदार हलवला तर तो ओळखून सांगेल असं केलं. मग आम्ही पुन्हा चाचणी घेतली, या वेळी दिवे पाडून, तार तोडून, तीन दिवस. कापांडासाहेब तिन्ही दिवस हजर होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. नव्या होडीसाठी केंद्रानं काही मदत करावी असा अर्ज त्यांनीच लिहिला आणि मंजूर होईपर्यंत दर सोमवारी वरच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या लोकांना ते नकोसे झाले होते, असं ऐकलं. मला ते ऐकून बरं वाटलं.

ऑगस्टात म्वेरा दोनदा आला. दोन्ही वेळा सलिमा पडलं, दोन्ही वेळा न्खाता बेनं चाळीस सेकंदांच्या आत काम उचललं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

लोंग्वेला सप्टेंबरमध्ये होडी मिळाली. त्या दिवसापासून तो मला सकाळी साडेसहाला फोन करतो.

"पोरी, कशी उठलीस?"

"बरी उठले, अदादा. तुम्ही?"

"मी बरा. आज वारा आहे का?"

मी लिलाँग्वेत राहते. इथून सरोवर शंभर किलोमीटर लांब आहे. मला वाऱ्यातलं काही कळत नाही. हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आठवडाभर सांगितलं. "अदादा, मेसेज येतो ना तुम्हाला? आता तो नीट येतो. मी शपथेवर सांगते."

"येतो की. वाचतो मी."

"मग मला कशाला विचारता?"

"मशीन चुकलं तर ते सांगत नाही. तू सांगितलंस."

मी रोज साडेसहाच्या आधी उठते, डोळे चोळत पडदा बघते, हवामानवाल्यांचं पान बघते, आणि त्याला मेसेजमध्ये लिहिलेलंच वाचून दाखवते. बहिणीच्या घरी गेले तरी, आजारी पडले तरी. नवरा म्हणतो, त्या म्हाताऱ्याला नाही म्हणून टाक. मी म्हणते, तूच सांग. मग तो कूस बदलून झोपतो.

मागच्या मंगळवारी फोन आला नाही. पावणेसात झाले, सात झाले. मी दात घासता घासता फोन बघत होते. सव्वासातला मीच लावला. तिसऱ्यांदा लागला.

"अदादा! कुठे आहात? फोन का नाही केलात?"

"चार्जिंग संपलं होतं," तो म्हणाला. मागून इंजिनाचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. उतारू चढत होते. "आता शेजाऱ्याकडून करून आणला. काय झालं?"

"काही नाही. म्हटलं, निघालात की काय."

"न विचारता कसा निघेन? सांग, आज वारा आहे का?"

"मेसेज वाचला नाहीत?"

"वाचला. शांत म्हणतोय. पण तू सांग."

मी तोंडातला फेस थुंकला, ओल्या हातानं पडदा उघडला, आणि सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा बघितलं.

"शांत आहे, अदादा," मी म्हटलं. "निघा."